स्टेशनाबाहेरचे महानगर

२००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबईच्या मूळ बेटाची, म्हणजे कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या शहराची, लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. त्याच दशकात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली आणि तो देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. माणसे बेटावरून उठून वसई, विरार, नालासोपारा, कल्याण, डोंबिवली, दिवा, अंबरनाथ, बदलापूर इकडे गेली. बाहेरगावाहून आलेलीही थेट तिथेच उतरली. पण मुंबईविषयी बोलण्याची आपली सवय काही त्यांच्याबरोबर गेली नाही. हौसेने शहर बघायला निघालेले लोक अजून फोर्ट, काळा घोडा आणि गिरगावातल्या वाड्यांमध्येच फिरतात. नालासोपारा आणि दिवा बातमीत येतात ते इमारत कोसळली, रुळांवर पाणी साचले, कोणी गाडीतून पडले की. दुर्घटनांपुरते ज्या गावाचे नाव घेतले जाते, ते गाव आपल्याला ठाऊक आहे असे म्हणता येत नाही. ही उपनगरे पायी फिरून पाहिली पाहिजेत, आणि ती जशी तिथले निर्णय घेणाऱ्यांनी आणि तिथल्या बातम्या लिहिणाऱ्यांनी पाहिली पाहिजेत, तशीच शेजारच्याच स्टेशनावर राहणाऱ्या माणसांनीही, असे माझे म्हणणे आहे. ही रिकाम्या वेळेची हौस नव्हे. महानगर समजून घेण्याची ती एक पद्धत आहे आणि तिचे काम दुसऱ्या कशानेही भागत नाही.

ही उपनगरे आज आपण दोनच ठिकाणांहून पाहतो, लोकलच्या दारातून आणि उड्डाणपुलावरून. लोकलमधून दिसते ती गावांची पाठ: संरक्षक भिंती, गटाराचे तोंड, स्वयंपाकघराच्या खिडक्या, त्यांखाली वाळणारे कपडे. उड्डाणपुलावरून तेवढेही दिसत नाही. रोज प्रवास करणाऱ्याला कोपर, ठाकुर्ली, विठ्ठलवाडी, शहाड, आंबिवली ही नावे पाठ असतात, पण त्याच्या ओळखीचे असते ते एक स्टेशन, एक शेअर रिक्षाची रांग आणि घरापर्यंतचा एक रस्ता. पुढच्या स्टेशनावर उतरण्याचे त्याला कधी कारणच पडत नाही. याचे नवल अशासाठी वाटते की मराठी माणसाला चालण्याचे वावडे नाही. पंढरीची वाट तो शतकानुशतके चालत आला आहे, आणि दर शनिवारी-रविवारी कर्जत-कसाऱ्याच्या पहाटेच्या गाड्या गडांवर निघालेल्या तरुणांनी भरलेल्या असतात. गडाच्या एकेका टाक्याची त्यांना माहिती असते. वाटेतली डोंबिवली ते बदलापूर ही सगळी वस्ती मात्र झोपेत निघून जाते. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या आसपासची माळराने, टेकड्या आणि शेंदूर फासलेली ठाणी पायी हिंडून इतिहास लिहिण्याची जी रीत घालून दिली, तिची आज खरी गरज आहे ती अशा रोज बदलणाऱ्या, कोणी नोंद न ठेवलेल्या जागांना.

नालासोपाऱ्याचेच पाहू. नाळे आणि सोपारे या दोन गावांची नावे जोडून हे स्टेशनाचे नाव झाले. त्यातले सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत सोपाऱ्याचा आणि कल्याणचा उल्लेख आहे. आज मुंबईच्या हद्दीत असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांना ज्यांनी दाने दिली, त्यांत याच दोन गावांचे लोक होते, हे तिथल्या शिलालेखांवरून कळते. म्हणजे ज्यांना आपण मुंबईची उपनगरे म्हणतो, ती मुंबईपेक्षा कितीतरी जुनी नगरे आहेत. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचा उंचवटा खणला आणि आतून विटांचा स्तूप निघाला. त्याच वर्षी अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला, आणखी एक तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात मिळाला. हा स्तूप पश्चिमेला स्टेशनापासून चालत जाता येईल इतक्याच अंतरावर आहे. रोज लाखो लोक त्याच्या जवळून जातात आणि त्यांतल्या फारच थोड्यांना तो ठाऊक असतो, कारण स्टेशनाच्या पुलावरून उतरताना तिकडे बोट दाखवणारे काही नाही.

पण स्तूपासाठीच तिथे जावे असे म्हटले, तर उपनगरांचेही आपण फोर्टच करून टाकू. वाट महत्त्वाची आहे. स्टेशनालगतच्या दाट इमारती मागे पडून रस्ता जुन्या गावांकडे वळला की पश्चिमेला केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, कौलारू घरे आणि बावखले दिसू लागतात. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी धरून ठेवणे, भोवतालच्या विहिरींना पाझर देणे आणि पानवेली-केळी जगवणे ही त्याची कामे. वसईची सुकेळी ज्या शेतीतून आली, ती या तळ्यांवर उभी होती. नकाशावर बावखल म्हणजे एक लहानसा निळा ठिपका, तोही असला तर. ते बुजवून त्यावर इमारत उभी राहिली की ठिपका पुसला जातो आणि कोणाला काही वाटत नाही. चालणाऱ्याला मात्र कळते, कारण नवा रस्ता भराव घालून उंच झालेला असतो आणि शेजारच्या जुन्या घराची ओटी रस्त्याच्या खाली गेलेली असते. पाणी कुठे जाणार हे समजायला तज्ज्ञ लागत नाही, त्या ओटीसमोर उभे राहिले की पुरते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसचे दिवस पाण्याखाली राहिले, रेल्वे ठप्प झाली, मिठागरांतले कामगार अडकून पडले. त्यानंतर खाजणांतला भराव, नैसर्गिक नाले आणि खाडीची तोंडे यांची चर्चा झाली. ती चर्चा ज्यांनी आधी करायला हवी होती, ते या जमिनीवरून चालले असते तर दहा वर्षे आधीच झाली असती.

मध्य रेल्वेच्या बाजूला हाच धडा वालधुनी नदी देते. काकोळे गावाच्या डोंगराकडून येणारी ही छोटी नदी अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण ओलांडून उल्हास नदीच्या खाडीला मिळते. अंबरनाथला तिच्या काठी शिलाहारांच्या काळातले शिवमंदिर उभे आहे, तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काळ कोरलेला आहे. महाराष्ट्रातल्या सर्वांत देखण्या दगडी कामांपैकी हे एक. मंदिरापासून खाली उल्हासनगराकडे निघाले की हजार वर्षांचा इतिहास दोन-चार तासांच्या चालीत ओलांडता येतो. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीवर फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभारलेले शहर. १९४९ साली चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. पत्त्यांमध्ये आजही ‘कॅम्प नंबर’ आणि ‘बराक नंबर’ येतात. शरणार्थींनी बराकीच्या एका खोलीत सुरू केलेल्या धंद्यांतून आख्खी बाजारपेठ कशी उभी राहते, हे त्या गल्ल्यांची रुंदी आणि दुकानांवरची घरे पाहून जितके कळते तितके कुठल्या अहवालातून कळत नाही. आणि या सगळ्याच्या मागून वालधुनी वाहते, मंदिरापाशी नदी म्हणून ओळखू येणारी, पुढे नुसते काळे सांडपाणी झालेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून तिच्यात रसायन ओतले गेले आणि काठावरच्या शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात न्यावे लागले. २६ जुलै २००५ च्या प्रलयात कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टाही बुडाला होता. तरी तो दिवस आठवला की आपल्या तोंडी नाव येते ते फक्त मुंबईतल्या मिठी नदीचे. वालधुनीच्या काठाने कोणी लिहिणारा चाललाच नव्हता, मग ती आठवणीत राहणार कशी?

चालताना आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे हद्द. मुंबई महानगर प्रदेशात आज नऊ महापालिका आहेत, शिवाय नगरपालिका, ग्रामपंचायती, औद्योगिक महामंडळ आणि रेल्वे. कल्याण-डोंबिवलीच्या वेशीवरची २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत घेतली गेली, २००२ मध्ये बाहेर काढली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. या ये-जा करण्याचा अर्थ कागदावर करांचा आणि राजकारणाचा असतो. जमिनीवर त्याचा अर्थ असा की मोठ्या गृहसंकुलाच्या दारापर्यंत आलेला गुळगुळीत रस्ता पुढे गावाच्या पाणंदीला जोडलेलाच नसतो, गटार मध्येच संपते आणि दिवाबत्ती एका खांबानंतर बंद होते. संकुल आपल्या जागी नीट, गाव आपल्या जागी जुने, मधली दोनशे पावले मात्र कोणाचीच नाहीत. गाडीतून जाणाऱ्याला ही दोनशे पावले म्हणजे एक गचका. शाळेतून परतणाऱ्या मुलाला ती रोजची चिखलाची वाट आहे. बाह्य उपनगरांचे बहुतेक दुखणे अशा सांध्यांमध्ये आहे आणि सांधा पायालाच लागतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. तिथली माणसे चालतातच की, त्यांना रिक्षाचे पैसे परवडत नाहीत किंवा रिक्षा मिळत नाही म्हणून चालतात. मग चालण्याला पाहणीचे नाव देणे ही सुखवस्तू माणसाची कल्पना झाली. हे खरेच आहे की महानगर प्रदेशातले सर्वांत मोठे वाहन म्हणजे पाय. २००८ साली पूर्ण झालेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात एकूण प्रवासांपैकी निम्म्याहून अधिक प्रवास संपूर्ण पायी होत असल्याचे आढळले होते. पण याच वस्तुस्थितीवरून माझा मुद्दा पुढे जातो. निम्मे लोक ज्या वाहनाने जातात त्याचा विचार करणारा माणूस नियोजनाच्या टेबलावर बसलेला नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे निवासी भागातल्या पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. नालासोपारा पूर्व, दिवा पूर्व किंवा भिवंडीच्या कापडबाजारात हा पदपथ शोधायला निघावे आणि किती सलग मिळतो ते मोजावे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात आणि त्यांत रूळ ओलांडताना मेलेल्यांची संख्या फार मोठी असते. त्यांच्यावर बेफिकिरीचा शिक्का मारणे सोपे आहे. पूल किती लांब आहे, तो कुठे उतरतो आणि उतरल्यावर पुढे वाट आहे का, हे डोक्यावर ओझे घेऊन एकदा चालून पाहिले की त्या माणसाने रूळ का ओलांडले ते समजते. रहिवासी चालतात हे चालण्याच्या पाहणीविरुद्धचे कारण होऊ शकत नाही. ते सोसतात त्याची नोंद करणारा कोणी त्यांच्याबरोबर चालत नाही, दुखणे ते आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ही गरिबी पाहायला जाण्याची सहल होणार नाही का? धारावीत तशा सहली निघतात आणि त्यांविषयीची अस्वस्थता योग्यच आहे. पण बाह्य उपनगरे म्हणजे एकजिनसी दारिद्र्य ही समजूतच मुळी न चालल्यामुळे झालेली आहे. डोंबिवलीतली वाचनालये आणि संगीतसभा, भिवंडीतल्या यंत्रमागांचा दिवसरात्र चालणारा खडखडाट आणि महामार्गालगतची मैलोगणती गोदामे, वसईतले कुपारी आणि सामवेदी समाज, खाडीकाठची आगरी गावठाणे, डोंगरपायथ्याचे कातकरी-वारल्यांचे पाडे हे सगळे शेजारी शेजारी आहे. आणि जाणारा कोण? मी ज्याला जा म्हणतो तो परदेशी पाहुणा नाही. तो डोंबिवलीकर आहे, जो आयुष्यभर रोज दोनदा मुंब्र्यावरून जातो आणि एकदाही तिथे उतरत नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबई सोडलेल्या अनेक मुस्लिम कुटुंबांनी मुंब्र्यात आसरा घेतला. पुढे त्या गावाबद्दल बाहेरच्यांच्या मनात जी भीती साठली, ती गाडीच्या दारातून पाहताना साठली. मुंब्र्याच्या बाजारातून चालत देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी जाणाऱ्याला तिथे शाळा सुटलेल्या मुली, बेकऱ्या, शिकवण्यांच्या पाट्या आणि पाण्याच्या टँकरची वाट पाहणारी माणसे भेटतील, अगदी दिव्यात किंवा डोंबिवलीत भेटतील तशीच. डोंबिवलीकराने मुंब्र्याला जावे, मुंब्र्याच्या माणसाने वसईच्या वाड्यांत जावे, विरारच्या मुलांनी उल्हासनगर पाहावे. याला सहल म्हणायचे तर म्हणावे, पण ती शेजाऱ्याकडे जाण्याची आहे.

उपग्रहाची छायाचित्रे, ड्रोन आणि संगणकी नकाशे असताना पायपीट कशाला, असेही विचारले जाईल. नकाशे हवेतच. फक्त त्यांना छप्पर दिसते, छपराखालचे दिसत नाही. नालासोपारा पूर्वेला कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, हजारो माणसे त्यांत वर्षानुवर्षे राहिली आणि न्यायालयाच्या आदेशानंतर त्या पाडल्या गेल्या. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींची कागदपत्रे बनावट निघाली. पण ती कागदपत्रे पाहून घरे घेणाऱ्यांना तसे सांगणारे कोणी नव्हते. इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या इमारती दिसल्या नाहीत म्हणून उभ्या राहिल्या असे नाही. ज्यांनी पाहायचे त्यांतल्या अनेकांनी त्या पाहिल्या आणि डोळे मिटून घेतले. चालणे हा संगनमतावरचा उपाय नाही, ते पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे. तरीही गुपचूप होणाऱ्या गोष्टींना साक्षीदारांचे भय असते. जिथे शाळेचे वर्ग, नागरिकांचे गट, स्थानिक वार्ताहर आराखडा हातात घेऊन दर वर्षी त्याच वाटेने जातात, तिथे मैदानाच्या आरक्षणावर पाया खणला जाताना निदान कोणीतरी प्रश्न विचारील.

याला कायद्यात जागाही आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखडा करण्याआधी विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार करावा लागतो, आणि आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. हरकत घ्यायला जमीन माहीत हवी. म्हणून प्रारूपाबरोबर प्रत्येक प्रभागात जाहीर केलेल्या दिवशी, जाहीर केलेल्या वाटेने, नगररचनाकार आणि अभियंत्यांनी नागरिकांसोबत चालत जावे आणि जे दिसले ते नकाशाला जोडावे. एक फेरी पावसाळ्यात व्हावी, कारण या प्रदेशाचा खरा उंचसखलपणा तेव्हाच उघड होतो, आणि एक रात्री नऊनंतर, स्टेशनापासून वस्तीपर्यंत, त्या प्रभागातल्या कामावरून परतणाऱ्या बायकांबरोबर. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईच्या सार्वजनिक जागांवरच्या आपल्या पुस्तकात बाईच्या विनाकारण भटकण्याच्या हक्काची बाजू मांडली होती. बाहेरच्या उपनगरात तर कामावरून घरी चालत येण्याचाच प्रश्न अजून सुटलेला नाही. शहराबाहेरून चालायच्या अशा वाटा इतरांनी आखलेल्याही आहेत. फ्रान्समध्ये मार्सेय शहराभोवती २०१३ साली ३६५ किलोमीटरचा एक खुणा केलेला पायी मार्ग आखला गेला, तो सुंदर डोंगरांतून जातो तसाच कारखाने, महामार्ग आणि कामगार वसाहतींमधूनही जातो. आपल्याला इतक्या मोठ्या मार्गाने सुरुवात करायची गरज नाही. अंबरनाथच्या मंदिरापासून वालधुनीच्या काठाने कल्याणपर्यंत किंवा नालासोपारा स्टेशनापासून सोपाऱ्याच्या स्तूपावरून निर्मळ गावच्या तळ्यापर्यंत, इतकी वाट, तिच्यावर सावली, पदपथ आणि मराठीत लिहिलेले फलक, एवढे एका महापालिकेच्या आवाक्यातले आहे.

फलकावर काय लिहायचे याचा शोध नालासोपाऱ्याला तरी घ्यावा लागणार नाही. १८८२ मध्ये सापडलेला तो तुकडा अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि करमणुकीच्या विहारयात्रांना जात असत. आपण त्या सोडल्या आणि धर्मयात्रा सुरू केली, असे त्या लेखात अशोक सांगतो. धर्मयात्रेत काय करायचे तेही त्यात आहे: श्रमण-ब्राह्मणांना आणि वृद्धांना भेटायचे, दान द्यायचे आणि जनपदातल्या लोकांचे दर्शन घ्यायचे, त्यांच्याशी बोलायचे, त्यांना विचारायचे. राजधानीतून निघून राज्याच्या माणसांपर्यंत जाण्याचा हा मजकूर सम्राटाने सोपाऱ्याच्या बंदरात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेला पडेल असा कोरवला होता. त्याचा सोपा मराठी अनुवाद नालासोपारा पश्चिमेला, जिथे पादचारी पूल उतरतो आणि रिक्षांची रांग लागते, तिथे मोठ्या अक्षरांत लावावा, आणि त्याखाली स्तूपाकडे जाणारा बाण.